मिनिएचर आफ्रिकन व्हायोलेट पूर्ण वाढल्यावर किती मोठे होते आणि ते लहान कसे राहते?

अंगणवेल, पुणे

नमस्कार. खिडकीत मावेल आणि वर्षातला बराच काळ फुलेल असे लहान झाड हवे होते, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी एका रोपवाटिकेतून जांभळ्या फुलांचे आफ्रिकन व्हायोलेट आणले. कुंडीला ‘मिनिएचर’ अशी चिठ्ठी होती आणि हे रोप तळहाताएवढेच राहते, असे विक्रेत्याने सांगितले होते. त्या वेळी ते दोन इंची कुंडीत होते आणि खरोखरच तळहातावर मावत होते. पुढे मुळे तळाच्या छिद्रांतून बाहेर डोकावू लागली, तेव्हा बागेतली माती आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन ते चार इंची कुंडीत लावले. आता एका पानाच्या टोकापासून समोरच्या पानाच्या टोकापर्यंत पट्टी धरली, तर पसारा सव्वानऊ इंच भरतो. देठ लांबले आहेत, पाने आडवी न राहता तिरकी वर उठली आहेत आणि पावसाळा सुरू झाल्यापासून एकही कळी आलेली नाही. खिडकी पूर्वेकडची आहे, मात्र समोरच इमारत असल्यामुळे ऊन जेमतेम तासभर मिळते.

मिनिएचर म्हणून विकले जाणारे व्हायोलेट पूर्ण वाढल्यावर किती मोठे होणे अपेक्षित असते? माझे रोप मोठ्या कुंडीमुळे आणि खतामुळे असे वाढले, की ते मुळातच मिनिएचर नव्हते? आणि पुन्हा लहान कुंडीत लावून, बाहेरची पाने खुडून किंवा खत बंद करून ते लहान ठेवता येईल का? पाने टवटवीत आहेत, त्यामुळे रोपाला इजा होईल असे काही करण्याची माझी इच्छा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओंजळभर_माती, नाशिक

अंगणवेल ताई, आपण पट्टी धरून मोजलेत हे फार बरे केलेत, कारण या झाडाच्या बाबतीत मोजमाप हाती असल्याशिवाय काहीच ठामपणे सांगता येत नाही. आफ्रिकन व्हायोलेटच्या जातींची नोंदणी 1946 मध्ये स्थापन झालेली ‘आफ्रिकन व्हायोलेट सोसायटी ऑफ अमेरिका’ ही संस्था करते आणि तिने पसाऱ्यावरून गट ठरवून दिलेले आहेत. पसारा सहा इंचांपर्यंत असेल तर मिनिएचर, सहा ते आठ इंच असेल तर सेमी-मिनिएचर, आठ ते सोळा इंच असेल तर स्टँडर्ड आणि त्याहून मोठे ते लार्ज. हे माप पूर्ण वाढ झालेल्या आणि एकच क्राऊन (एका मध्यातून गोलाकार येणाऱ्या पानांचा झुबका) असलेल्या झाडाचे धरतात. स्टँडर्ड जातीचे कोवळे रोपही काही महिने चारपाच इंचांचेच असते, त्यामुळे दुकानात दिसणाऱ्या आकारावरून गट सांगता येत नाही, आणि आपल्याकडे जातीचे नाव न लिहिता नुसते ‘मिनी’ म्हणून जी रोपे विकली जातात, त्यांतली बरीचशी अशी वयाने लहान असलेली स्टँडर्ड रोपेच असतात.

आपल्या रोपात दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असू शकतात आणि त्या सोडवून पाहणे आवश्यक आहे. प्रकाश कमी पडला की व्हायोलेटचे देठ लांबतात आणि पाने प्रकाश शोधत वर उठतात. आपले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. असे झाले तर अस्सल मिनिएचरसुद्धा सहा इंचांची मर्यादा ओलांडते. परंतु प्रकाशाच्या कमतरतेने मुख्यतः देठ लांबतो. पानाचे पाते त्या प्रमाणात मोठे होत नाही. म्हणून पसाऱ्याऐवजी सर्वांत मोठ्या पानाचे नुसते पाते मोजून पाहावे. सहा इंच पसाऱ्याच्या झाडात मध्यापासून टोकापर्यंत तीनच इंचांची जागा असते आणि त्यात देठ व पाते दोन्ही बसवायचे असतात, त्यामुळे मिनिएचर जातीचे पाते साधारण दीड इंचाच्या आसपास राहते. आपल्या रोपाचे पाते तेवढेच असेल आणि फक्त देठ लांबलेला असेल, तर प्रकाश वाढवल्यावर येणारी नवी पाने आखूड देठाची येतील आणि वर्षभरात झाड आपल्या मापात बसेल. पाते अडीच-तीन इंचांचे असेल, तर मात्र ते स्टँडर्ड आहे हे मान्य करावे लागेल.

कुंडीविषयी. मोठ्या कुंडीमुळे मिनिएचर जातीचे झाड स्टँडर्ड होत नाही आणि लहान कुंडीमुळे स्टँडर्ड जातीचे मिनिएचर होत नाही. आकार आनुवंशिक असतो. तरीही कुंडी महत्त्वाची आहे, पण ती वेगळ्या कारणाने. या वनस्पतीचे मूळ घर टांझानिया आणि केनियातील डोंगर, त्यातही मुख्यतः टांझानियातील उसांबारा पर्वतरांगा हे आहे. तिथे ती सावलीतल्या, शेवाळाने झाकलेल्या खडकांच्या भेगांत, अगदी थोड्या मातीत वाढते. तिची मुळे बारीक आणि उथळ असतात. मोठ्या कुंडीतली, त्यातून बागेतली चिकण माती मुळांच्या आवाक्याबाहेर ओली राहते, तिच्यात हवा खेळत नाही आणि मुळे कुजू लागतात. कुंडीचा व्यास पसाऱ्याच्या एकतृतीयांश असावा, हा सर्वमान्य हिशेब आहे. सहा इंचांच्या मिनिएचरला आयुष्यभर दोन इंची, फार तर अडीच इंची कुंडी पुरते. आपल्या नऊ इंचांच्या रोपाला तीन इंची पुरेल, म्हणजे चार इंचीही जरा मोठीच झाली.

बाहेरची पाने खुडून पसारा तात्पुरता कमी दिसतो, पण नवी पाने मध्यातूनच येतात आणि जातीच्या मापाला पोहोचतातच. फुलांचे दांडे पानांच्या बेचक्यांतून निघतात, तेव्हा निरोगी पाने सरसकट काढणे म्हणजे फुले घालवणे आहे. खत पूर्ण बंद केले तर खालची पाने फिकट पडतील, फुले येणार नाहीत आणि लहान आकाराचे डौलदार झाड मिळण्याऐवजी उपाशी झाड मिळेल.

पात्याचे माप कळवावे. शिवाय मध्यभागी एकच क्राऊन आहे की बाजूने आणखी फुटवे आले आहेत, तेही पाहावे.

अंगणवेल, पुणे

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मोजून पाहिले. सर्वांत मोठ्या पानाचे पाते पावणेतीन इंच लांब आणि जवळजवळ अडीच इंच रुंद आहे, म्हणजे आपण सांगितलेल्या हिशेबाने हे रोप स्टँडर्डच ठरते. पाने उचलून पाहिल्यावर मुख्य क्राऊनला लागून दोन लहान फुटवे दिसले. एकाला चार, तर दुसऱ्याला सहा बारीक पाने आहेत. तो दाट झालेला भाग मी नवी वाढ समजत होते. हे फुटवे ठेवावेत की काढावेत? शिवाय कुंडीच्या काठावर पांढरट-तांबूस खरवड साचली आहे आणि काठाला टेकणाऱ्या दोन पानांचे देठ तिथेच मऊ पडले आहेत.

उत्तरवारा, मिनेसोटा

ताई, फुटवे अवश्य काढावेत. एकाच कुंडीत तीन क्राऊन झाले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश आणि अन्न कमी येते, पाने एकमेकांना ढकलत वर उठतात आणि पहिला फटका फुलांना बसतो. आपल्याकडे कळ्या थांबण्यामागे कमी प्रकाशाइतकेच हेही कारण असणार. कुंडी आडवी धरून, बोथट पेन्सिलीने किंवा चिमट्याने फुटवा मुळाशी हलवत सुटा करावा, मुख्य खोडाला ओरखडा जाऊ देऊ नये. चारपाच पाने असलेला फुटवा ओलसर मिश्रणात खोचून वरून पारदर्शक डबा उपडा घातला, तर काही आठवड्यांत मुळे धरतो.

काठावरची खरवड म्हणजे पाण्यातले आणि खतातले क्षार आहेत. बोअरवेलच्या जड पाण्याने ते लवकर साचतात. देठ त्या क्षारांवर टेकून राहिले की नेमके तिथेच भाजल्यासारखे होऊन कुजतात, म्हणून तेवढी दोन पाने काढून टाकावीत, काठ ओल्या फडक्याने पुसावा आणि कुंडीत वरून भरपूर कोमट पाणी ओतून ते तळातून निथळू द्यावे. पाणी पानांवर पडलेच तर ते गार नसावे. पानापेक्षा बरेच थंड पाणी पडले की पेशी मरून फिकट, वळ्यांसारखे डाग उमटतात आणि ते पुन्हा जात नाहीत.

आता मिनिएचरविषयी, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. इथल्या प्रदर्शनांत परीक्षक पट्टी घेऊनच बसतात आणि मिनिएचर सहा इंचांच्या वर गेले की स्पर्धेतून बाद होते. म्हणून इथले लोक झाडाचा आकार राखण्यासाठी जे करतात, ते घरी वाढवणाऱ्यालाही तितकेच उपयोगी आहे. झाड दिव्याखाली ठेवतात. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली आठ ते दहा इंचांवर, रोज बारा तास ठेवले तर देठ आखूड राहतात आणि पाने थाळीसारखी सपाट, एकावर एक अशा मंडलांत बसतात. रात्रीचा निदान आठ तासांचा अंधारही त्याला हवाच. उजेड अति झाला तर मधली पाने घट्ट आवळून येतात आणि रंग फिका पडतो. तसे दिसल्यास दिवा थोडा वर घ्यावा. उजेडाची दिशा एकच असेल, जशी आपल्या खिडकीत आहे, तर कुंडी दर काही दिवसांनी पाव वळण फिरवावी.

मिनिएचरची कुंडी वाढवत नाहीत, पण त्यातले मिश्रण मात्र वारंवार बदलतात. दोन इंची कुंडीत मातीच इतकी थोडी असते की ती लवकर आम्लधर्मी आणि क्षारयुक्त होते, त्यामुळे साधारण चार-सहा महिन्यांनी झाड बाहेर काढून ताज्या मिश्रणात लावावे लागते. खालची जुनी पाने गळत जातात, तसतशी मातीच्या वर उघड्या खोडाची मान दिसू लागते. त्या वेळी खोडाची वरची तपकिरी साल नखाने हलकेच खरवडतात, मुळांच्या गोळ्याचा खालचा भाग मान जितकी लांब असेल तितका कापून टाकतात आणि झाड त्याच कुंडीत खाली बसवून मान मातीत झाकतात. खरवडलेल्या जागी नवी मुळे फुटतात. अशा रीतीने एकच झाड त्याच आकारात वर्षानुवर्षे ठेवता येते, आणि ते वयस्कर असूनही नव्यासारखे दिसते. हे कसब आपल्या स्टँडर्ड झाडालाही लागू पडेल.

इतक्या लहान कुंडीला पाणी घालणे हे वेळखाऊ काम असते, कारण ती एका दिवसातही सुकते. त्यासाठी नायलॉनच्या सुतळीची वात कुंडीच्या छिद्रातून मिश्रणात घालून तिचे दुसरे टोक खालच्या डब्यातल्या पाण्यात सोडतात. वात कापसाची घेऊ नये, ती कुजते. मात्र वात लावायची तर मिश्रण अत्यंत हलके, निदान अर्धे परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) असलेले हवे; बागेतल्या मातीत वात लावली तर झाड बुडेल.

जांभूळपाणी, दापोली

वरची दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. विकत घेतेवेळी लहान दिसणाऱ्या फुलझाडांविषयी मला एक भर घालायची आहे, कारण व्हायोलेटबरोबर कलांचो, शेवंती आणि पॉइन्सेटिया यांचीही ‘मिनी’ रोपे आपल्याकडे घरात ठेवण्यासाठी घेतली जातात. कुंडीतल्या व्यापारी फुलझाडांवर वाढ रोखणारी द्रव्ये वापरण्याची पद्धत जगभर आहे. आमच्याकडे कोकणात हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून बागायतदार जे कल्टार घालतात, त्यातले पॅक्लोब्युट्राझॉल हे द्रव्य याच वर्गातले आहे. ते झाडातील जिबरेलिन या संजीवकाची निर्मिती रोखते, त्यामुळे खोडाच्या पेरांची लांबी वाढत नाही आणि झाड आटोपशीर, गच्च दिसते. कुंडीतल्या रोपावर केलेल्या अशा फवारणीचा परिणाम काही काळाने ओसरतो आणि मग नवी फूट मूळच्या जातीप्रमाणे लांब येऊ लागते. खालची पेरे आखूड आणि वरची एकदम लांब असलेला कलांचो दिसला, तर हेच कारण असण्याची शक्यता पुष्कळ आहे. अंगणवेल ताईंच्या रोपाला मात्र हे लागू करण्याची गरज मला वाटत नाही. व्हायोलेटचे खोड मुळातच आखूड, पाने एका जागी गोलाकार येणारी, आणि त्यांनी सांगितलेली लक्षणे कोवळे वय व कमी प्रकाश यांनी पुरती उलगडतात.

घरी कोणीही अशी द्रव्ये वापरून झाड खुजे करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दोन इंची कुंडीसाठी मात्रा इतकी सूक्ष्म लागते की ती घरगुती साधनांनी मोजता येत नाही, आणि थोडी जास्त झाली तरी मधली पाने जाड, वेडीवाकडी येऊन वाढ कित्येक महिने ठप्प होते.

वऱ्हाडी_पान, अमरावती

आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे झाड जगवणे हाच मोठा प्रश्न असतो, म्हणून तापमानाविषयी लिहितो. व्हायोलेटला साधारण 18 ते 26 अंश सेल्सिअस मानवते. त्याहून बरेच वर गेले की कळ्या उमलण्याआधीच सुकतात, नवी पाने लहान येतात आणि पाणी जरा जास्त झाले तरी मध्य कुजतो. मार्चअखेरपासून खत थांबवावे, कुंडी घरातल्या सर्वांत गार खोलीत, खिडकीपासून आत आणावी आणि पाणी वरचे मिश्रण कोरडे लागल्यावरच द्यावे. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नये. उन्हाळ्यात आकसलेले झाड पाहून ते मिनिएचर आहे असा समज करून घेऊ नये. पावसाळ्यानंतर त्याचा खरा पसारा परत येतो. त्यामुळे पट्टी धरायची ती दिवाळीनंतर, झाड भरात असताना धरावी.

अंगणवेल, पुणे

सर्वांचे आभार. फुटवे सुटे करून लावले आहेत आणि मुख्य झाड तीन इंची कुंडीत हलवणार आहे; हे झाड मोठे असले तरी ते मी आनंदाने ठेवीन. मात्र एक खरेखुरे मिनिएचरही हवे आहे. ते घेताना खात्री कशी करावी, आणि मिश्रण व खत यांचे प्रमाण काय ठेवावे, एवढे सांगावे.

ओंजळभर_माती, नाशिक

खात्रीचा मार्ग एकच आहे: नाव नोंदलेल्या जातीचे रोप किंवा पान घ्यावे आणि ते नाव सोसायटीच्या यादीत पाहून गट तपासावा. आपल्याकडे हौशी मंडळी एकमेकांना पाने पोस्टाने पाठवतात आणि मिनिएचरच्या पानापासून वाढवलेले झाड आकाराने मिनिएचरच होते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. ज्यांच्या पाकळ्यांवर मध्यापासून कडेपर्यंत चक्राच्या आऱ्यांसारखे रंगीत पट्टे असतात, त्या कायमेरा जाती पानापासून लावल्यास पट्टे टिकत नाहीत. त्यांचा फुटवा किंवा फुलाचा दांडा लावावा लागतो. साध्या जातीचे पान देठासह घ्यावे, देठ सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ठेवून तिरका कापावा आणि ओलसर मिश्रणात खोचून झाकून ठेवावा. सुमारे दोन महिन्यांत पायथ्याशी उंदराच्या कानांएवढी पाने दिसू लागतात. एकाच देठाला अनेक पिल्ले फुटतात. प्रत्येक पिल्लू अर्धा-पाऊण इंच झाले की वेगळे करून एकेका कुंडीत एकेकच लावावे, नाहीतर पुन्हा अनेक क्राऊनची गर्दी होते.

मिश्रणासाठी धुतलेले कोकोपीट आणि परलाइट निम्मे-निम्मे पुरे. कोकोपीटच्या विटेत क्षार असतात, म्हणून ती भिजवून, दोन-तीन वेळा पाणी बदलून, पिळून मगच वापरावी. खत पाण्यात विरघळणारे आणि अगदी सौम्य, म्हणजे चार लिटर पाण्याला एक ग्रॅमच्या आसपास द्यावे. दुकानात सहज मिळणाऱ्या 19:19:19 मध्ये (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेल्या खतात) निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते आणि ते व्हायोलेटच्या बारीक मुळांना सोसत नाही, तेव्हा नायट्रेटयुक्त खत मिळाले तर ते निवडावे. मधली पाने आखडून तांबूस कण दिसले, तर खत जास्त झाले असे समजावे. मध्य करडा, लवदार आणि ठिसूळ होऊन वाढ खुंटली असेल, तर सूक्ष्म कोळ्यांचा प्रादुर्भाव असतो. असे रोप लगेच इतरांपासून दूर करावे, आणि शेजारी इतर व्हायोलेट असतील तर हे बाधित रोप टाकून देणेच श्रेयस्कर.

उत्तरवारा, मिनेसोटा

खरोखर इवलेसे फुलझाड हवे असेल, तर याच कुळातील ब्राझीलची सिनिंजिया पुसिला ही वनस्पती शोधून पाहावी. तिचा सारा पसारा एक-दोन इंचांचा असतो आणि त्यावर फिक्या जांभळ्या रंगाची, पानांच्या मानाने बरीच मोठी वाटणारी नळीदार फुले जवळजवळ सतत येत राहतात. तिला दमट हवा लागते, म्हणून ती झाकणाच्या काचेच्या बरणीत, दिव्याखाली वाढवतात. मातीखाली वाटाण्याएवढा कंद असतो. वरची पाने सुकली तरी बरणी रिकामी करू नये, कंदातून ती पुन्हा फुटते आणि आपोआप सांडलेल्या बियांपासून शेजारी नवी रोपेही उगवतात. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या, सावलीतल्या दगडांवर निळी फुले येणारे ऱ्हिंकोग्लॉसम हे याच कुळातले आहे, पण ते रानातून उपटून कुंडीत आणू नये. त्याचे आयुष्य एका पावसाळ्याचे असते.

ताईंच्या नव्या मिनिएचरसाठी एवढेच सुचवतो, की पान लावल्यावर कुंडीवर जातीचे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहून ठेवावी, कारण शाई पुसली जाते. पान लावल्यापासून पहिल्या फुलापर्यंत साधारण सहा ते नऊ महिने जातात. त्या काळात कुंडी दोन इंचीच राहू द्यावी.